कॅरोटिडवरचा मोठा फुगा आणि फ्लो डायव्हर्टर: जाळी बसली म्हणजे उपचार संपला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ५४. डोकेदुखीसाठी एमआरआय काढला आणि डाव्या अंतर्गत कॅरोटिडवर, म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीवर, डोळ्याला रक्त नेणारी शाखा जिथून निघते त्याच्या जवळ, १४ मिलिमीटरचा रुंद मानेचा ॲन्युरिझम निघाला, म्हणजे धमनीच्या भिंतीला आलेला फुगा, ज्याचं धमनीकडचं तोंड (मान) रुंद आहे. तो फुटलेला नाही. एका डॉक्टरांनी कवटी उघडून क्लिप लावू म्हटलं, दुसऱ्यांनी फ्लो डायव्हर्टर, म्हणजे धमनीत आतून बसवायची बारीक तारांची जाळी, सुचवला. दुसऱ्यांनी हेही सांगितलं की जाळी बसवल्यावर फुगा लगेच बंद होत नाही, सहा महिने किंवा वर्षही लागतं, आणि तोवर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू राहतील. तुम्ही विचारता, फुगा फुटायची भीती असताना रक्त पातळ करायचं हे कसं? आणि काहीच न करता थांबलं तर?

मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर आतून उपचार करणं हेच माझं रोजचं काम आहे. आईचा डीएसए, म्हणजे डाय (रंगद्रव्य) सोडून काढलेली रक्तवाहिन्यांची एक्स-रे चित्रं, मी पाहिलेला नाही. त्यामुळे 'हे करा' असं इथून सांगणार नाही, पण कोणत्या गोष्टींवर निर्णय फिरतो ते नीट सांगतो.

आधी थांबण्याबद्दल. साधारण शंभरातल्या तीन प्रौढांच्या मेंदूत असा एखादा फुगा असतो आणि त्यातल्या बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही. लहान फुगे आम्ही पुष्कळदा नुसते पाहत राहतो. पण १४ मिलिमीटर हा लहान आकार नाही. न फुटलेल्या ॲन्युरिझमवरचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात मेंदूच्या पुढच्या भागातल्या धमन्यांवरचे ७ मिलिमीटरपेक्षा लहान फुगे, आधी कधी रक्तस्राव न झालेल्या रुग्णांत, पाच वर्षांत जवळजवळ फुटलेच नाहीत. १३ ते २४ मिलिमीटरच्या गटात मात्र पाच वर्षांत फुटण्याचं प्रमाण १४.५ टक्के होतं. त्या अभ्यासावर टीका झाली आहे, कारण धोक्याचे वाटलेले बरेच फुगे आधीच उपचाराला गेले होते. तरी आकाराबरोबर धोका चढतो ही गोष्ट पुढच्या अभ्यासांतही टिकली. फुटल्यावर सुमारे एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त रुग्ण दगावतात आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचं अपंगत्व येतं. चौपन्नाव्या वर्षी समोर अजून पंचवीस-तीस वर्षं धरायची, म्हणून आईच्या बाबतीत 'थांबू' हे उत्तर मला सहज पटणार नाही. पण यात एक मोठा 'जर' आहे. फुगा कॅव्हर्नस सायनसच्या, म्हणजे डोळ्यामागे कवटीच्या तळाशी असलेल्या शिरांच्या कप्प्याच्या, आत आहे की त्याच्या वर? आत असेल तर तो हाडाच्या आणि जाड आवरणाच्या कप्प्यात असतो, फुटण्याचा धोका बराच कमी आणि फुटला तरी रक्त सहसा मेंदूभोवती पसरत नाही. डोळ्याच्या शाखेजवळचे बहुतेक फुगे त्याच्या वरचे असतात, पण रिपोर्टमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे का ते पाहा. नसेल तर विचारा.

आता क्लिप की जाळी. क्लिप हा जुना आणि खरा उपाय आहे. वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये बाल्टिमोरला पहिल्यांदा फुग्याच्या मानेवर चांदीची क्लिप लावली. चांगली बसलेली क्लिप म्हणजे फुगा त्याच क्षणी बंद, आणि तो बहुधा कायमचा. मेंदूच्या मधल्या धमनीच्या फाट्यावरचा फुगा असता तर मी स्वतः तुम्हाला आधी न्यूरोसर्जनकडे पाठवलं असतं. पण आईच्या फुग्याची जागा अडचणीची आहे. तिथे पोहोचायला कवटीच्या तळाच्या हाडाचा एक टोकदार भाग घासून काढावा लागतो, डोळ्याची नस (दृष्टीचा मज्जातंतू) फुग्याला चिकटलेली असते, आणि रक्तप्रवाह रोखून धरण्यासाठी कधी मानेतली कॅरोटिड उघडी करून ठेवावी लागते. हे उत्तम करणारे सर्जन आपल्याकडे आहेत. तरी त्या नसेला हात लागून नजर कमी होण्याचा धोका त्यांच्याही हातात राहतो.

मग कॉइल, म्हणजे फुग्याच्या आत भरायची बारीक तारेची गुंडाळी, का नाही? १९९० मध्ये ग्युलिएल्मी यांनी लॉस एंजेलिसला विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने सुटणारी प्लॅटिनमची कॉइल पहिल्यांदा रुग्णात वापरली आणि आमचं शास्त्र बदललं. फुटलेल्या फुग्यांवर कॉइल आणि क्लिप यांची तुलना करणाऱ्या अभ्यासात २,१४३ रुग्ण होते. वर्षभरानंतर मृत्यू किंवा परावलंबित्व कॉइल गटात सुमारे २४ टक्के आणि क्लिप गटात सुमारे ३१ टक्के होतं. पण त्या अभ्यासातले बहुतेक फुगे लहान होते. मोठ्या आणि रुंद मानेच्या फुग्यात कॉइलची गंमत संपते. मान रुंद असली की कॉइल बाहेर धमनीत घसरू पाहतात. त्यांना आधाराला साधा स्टेंट लावला तरी मोठ्या फुग्यातल्या कॉइल रक्ताच्या रोजच्या माऱ्याने दबत जातात आणि फुगा मानेपासून पुन्हा भरू लागतो.

आजार फुग्यात दिसतो, पण मुळात तो धमनीच्या भिंतीत असतो. फ्लो डायव्हर्टरचा विचार तिथून सुरू होतो. फुगा भरायचा सोडून धमनीच नव्याने अस्तरायची. ब्यूनस आयर्समध्ये पेद्रो लिलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ पासून पाइपलाइन नावाची जाळी रुग्णांत वापरायला सुरुवात केली. अमेरिकेत तिला २०११ मध्ये परवानगी मिळाली. आज सर्पास, फ्रेड अशा आणखी काही जाळ्या मिळतात. पाइपलाइन ४८ बारीक तारांची विणलेली नळी आहे, कोबाल्ट-क्रोमियम आणि प्लॅटिनम-टंगस्टनची. उघडल्यावर ती धमनीच्या भिंतीचा साधारण ३० ते ३५ टक्के भाग धातूने झाकते. हृदयात घालतात तो स्टेंट अरुंद नळी उघडी ठेवण्यासाठी असतो. इथे धमनी अरुंद नाहीच. जाळी फुग्याच्या तोंडावरून जाते, आत शिरणारा रक्ताचा झोत मोडतो, आत गेलेलं रक्त संथ होतं आणि हळूहळू गोठतं. दरम्यान धमनीचं आतलं अस्तर दोन्ही टोकांकडून जाळीवर सरकत येतं, कारल्याचा वेल मांडवावर पसरावा तसं, आणि फुग्याचं तोंड मिटतं. पुढे आतली गुठळी शोषली जाते, फुगा आकसतो, त्यामुळे डोळ्याच्या नसेवरचा दाबही कमी होऊ शकतो. कॉइलने गच्च भरलेल्या फुग्यात तसं होणं अवघड.

म्हणजे फुगा जाळी बंद करत नाही, शरीर बंद करतं. जाळी त्याला जागा आणि वेळ देते. घरच्यांना हे समजलं की पुढचं सगळं समजतं, म्हणून मी पहिल्या भेटीत हेच सांगत बसतो.

कॅथ लॅबमध्ये काय होतं ते थोडं जवळून सांगतो, कारण तुमच्या संमतीपत्रावर ते एका ओळीत उरकलेलं असेल. पूर्ण भूल देतात. जांघेतून किंवा मनगटातून नळी मानेच्या कॅरोटिडपर्यंत, तिच्यातून दुसरी मऊ नळी आणखी वर, आणि तिच्यातून एक मिलिमीटरहून बारीक मायक्रोकॅथेटर फुग्याच्या तोंडावरून पुढे मधल्या धमनीत. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन चालू असतं. जाळी या बारीक नळीतून दाबलेल्या अवस्थेत वर जाते. आधी तिचं पुढचं टोक उघडायचं, मग नळी मागे घेणं आणि जाळी पुढे ढकलणं या दोन हालचालींचा तोल सांभाळत ती वळणावर बसवायची. उघडताना जाळी आखूड होते, म्हणून लांबी निवडताना हा हिशेब आधीच करावा लागतो. वळणाच्या आतल्या बाजूला ती भिंतीपासून सुटून राहिली तर त्या फटीत गुठळी धरते. ते दिसलं तर मायक्रोकॅथेटर किंवा छोटा बलून आतून फिरवून ती भिंतीला टेकवतात आणि टेबलावरच बारीक काटछेदाचा सीटी घेऊन खात्री करतात. त्यानंतर डाय सोडतो, तेव्हा पडद्यावर जे दिसतं ते घरच्यांना सांगितलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो: डोळ्याची शाखा नेहमीप्रमाणे भरते आणि मोकळी होते, पण फुग्यात गेलेला डाय तळाशी चंद्रकोरीसारखा साचून राहतो, शिरांमध्ये रक्त पोहोचलं तरी हलत नाही. झोत मोडला याची ती खूण. फुगा मात्र त्या दिवशी तिथेच असतो, पूर्ण आकाराचा. तुम्हाला 'लगेच बंद होत नाही' असं सांगणाऱ्या डॉक्टरांनी काही लपवलेलं नाही.

शाखा उघडी का राहते, हाही प्रश्न लोक विचारतात. शाखेच्या पलीकडे ऊतक रक्त मागत असतं, त्यामुळे जाळीच्या छिद्रांतून रक्त ओढलं जातं. फुग्याच्या पलीकडे काहीच नसतं, तो बंद खोलीसारखा, म्हणून तिथे रक्त थांबतं. यावरून आईच्या बाबतीतला कळीचा प्रश्न निघतो: डोळ्याची शाखा धमनीतून निघते की फुग्याच्या पोटातून? पोटातून निघत असेल तर तीच शाखा फुग्यात रक्त खेळतं ठेवते आणि फुगा मिटायला वेळ लागतो, कधी मिटतच नाही. हे डीएसएच्या त्रिमितीय चित्रात कळतं, एमआरआयवर नाही.

आकडे पाहू. पाइपलाइनला परवानगी ज्या अभ्यासावर मिळाली त्यात कॅरोटिडवरचे मोठे आणि राक्षसी, रुंद मानेचे फुगे असलेले १०८ रुग्ण घेतले होते, म्हणजे आईच्या फुग्याच्या जातीचेच. सहा महिन्यांनी सुमारे ७४ टक्के फुगे पूर्ण बंद होते, वर्षाने ८७ टक्के, आणि पाच वर्षांनी अँजिओग्राफी झालेल्या ६३ पैकी ६०. हा शेवटचा आकडा वाचताना सगळे रुग्ण तपासणीला राहिले नव्हते हे लक्षात घ्या. तरी दिशा स्वच्छ आहे: कॉइलचा परिणाम कालांतराने ढिला पडू शकतो, इथे तो घट्ट होत जातो. त्याच अभ्यासात मोठा पक्षाघात किंवा मेंदूच्या कारणाने मृत्यू ५.६ टक्के रुग्णांत झाला. हा आकडा तुमच्यापासून कोणी लपवू नये. आज हात सरावले आहेत, जाळ्याही सुधारल्या आहेत आणि १२ मिलिमीटरपर्यंतच्या फुग्यांवरच्या नंतरच्या अभ्यासात हे प्रमाण सुमारे २ टक्के दिसलं. आईचा फुगा १२ मिलिमीटरहून मोठा आहे, त्यामुळे हा दुसरा आकडा तिला सरळ लागू होत नाही, म्हणून डॉक्टरांना त्यांच्या स्वतःच्या रुग्णांतले परिणाम विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

आता गोळ्यांकडे येतो. माझ्या मते अर्धा उपचार तिथे आहे.

धमनीत वेगाने वाहणाऱ्या रक्तात उघडा धातू दिसला की प्लेटलेट त्याला चिकटतात आणि जाळीच बंद पडू शकते. म्हणजे थेट पक्षाघात. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेटना रोखतात. फुग्यात साचलेलं रक्त गोठतं ते वेगळ्या वाटेने, मुख्यतः फायब्रिन या रक्तातल्या प्रथिनाच्या धाग्यांनी, आणि त्यावर या गोळ्यांचा प्रभाव कमी पडतो. म्हणून एकाच वेळी जाळी उघडी राहते आणि फुगा गोठतो. राहिली भीती फुटण्याची. या गोळ्या फुग्याची भिंत पातळ करत नाहीत की आतला दाब वाढवत नाहीत. ॲस्पिरिनमुळे न फुटलेला फुगा फुटण्याचं प्रमाण वाढतं असं दिसलेलं नाही. फुटलाच तर रक्तस्राव आवरणं जड जातं, हे मात्र खरं. म्हणूनच ताज्या फुटलेल्या फुग्यात आम्ही शक्यतो फ्लो डायव्हर्टर टाळतो, आधी कॉइलने फुटलेली जागा झाकतो आणि जाळीचं नंतर पाहतो.

क्लोपिडोग्रेल यकृतात एका एन्झाइममुळे कार्यक्षम होतं आणि ते एन्झाइम मंद असलेली माणसं भारतात पुष्कळ आहेत. त्यांनी गोळी नेमाने घेतली तरी तिचा असर पुरेसा होत नाही. म्हणून ठरलेल्या तारखेच्या पाच-सात दिवस आधी गोळ्या सुरू करून प्लेटलेटची चाचणी करतात आणि असर कमी असेल तर टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल देतात. तुमच्याकडे ही चाचणी होणार आहे का, विचारा. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा घ्यावी लागते, काहींना तिने दम लागल्यासारखं वाटतं. तसं झालं तर गोळी बंद करू नका, फोन करा. ॲसिडिटीसाठी घरात ओमेप्राझोल असेल तर ते क्लोपिडोग्रेलचा असर कमी करतं, पँटोप्राझोल बरं. गुडघेदुखीवर मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन बंद. काढे, चूर्ण काही चालू असेल तर संकोच न करता सांगा.

आपल्या घरांत गोळी चुकते ती ठरावीक कारणांनी. निर्जळी उपवास असतो. लग्नाला गावी गेल्यावर पाकीट घरी राहतं. हातावर निळे डाग दिसले की शेजारची बाई 'रक्त फार पातळ झालंय' म्हणते. किंवा दात काढताना 'पाच दिवस रक्ताची गोळी थांबवा' असं सांगितलं जातं. पहिल्या सहा महिन्यांत असे पाच दिवस फार महाग पडू शकतात. उपवासाला घोटभर पाण्याबरोबर गोळी चालते, हे आईला तुम्हीच सांगा, डॉक्टरपेक्षा तुमचं ऐकतील. दात, मोतीबिंदू, पित्ताशय, गर्भाशय यांचं काही काम राहिलं असेल तर ते जाळीच्या आधी उरकायचं की वर्षाने करायचं हे आत्ताच ठरवा. पावसाळ्यात डेंग्यू झाला आणि प्लेटलेट घसरल्या तर गोळ्यांचं काय करायचं हा निर्णय एकट्या फिजिशियनने किंवा तुम्ही घ्यायचा नाही, जाळी बसवणाऱ्या टीमला त्याच दिवशी कळवायचं. साधारणपणे दोन गोळ्या सहा महिने, तपासणीत धमनी स्वच्छ दिसली की त्यातली एक बंद, आणि ॲस्पिरिन पुढे दीर्घकाळ, पुष्कळांना कायम.

जाळीनंतर पहिले काही आठवडे डोकं किंवा डोळ्यामागे दुखणं हे बऱ्याच जणांना होतं. फुग्यात गुठळी धरताना भिंतीला सूज येते त्याचं ते दुखणं, कधी थोडे दिवस स्टिरॉइड देतात. मोठ्या फुग्यात हीच सूज क्वचित भिंत कमकुवत करते आणि उपचारानंतर पहिल्या महिन्यांत फुगा फुटतो. हे विरळ आहे, पण आहे. त्यासाठी काही टीम एवढ्या आकाराच्या फुग्यात जाळीबरोबर थोड्या कॉइलही सोडतात. आईच्या बाबतीत तसं करणार का, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे. आणखी एक विरळ त्रास म्हणजे त्याच बाजूच्या मेंदूत, फुग्यापासून दूर, होणारा रक्तस्राव. दुखणं हळूहळू ओसरत असेल तर धीर धरा. एकदम, आयुष्यात कधी न झालेलं डोकं दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, नजर गेली, तर वाट न पाहता हॉस्पिटल.

सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा अँजिओग्राफी होते. एमआरआय चालतो, जाळीने त्यात धोका नाही, पण धातूच्या सावलीमुळे धमनी आहे त्यापेक्षा अरुंद दिसते. तो रिपोर्ट वाचून घाबरू नका.

खर्चाबद्दल. जाळीचीच किंमत कित्येक लाखांत जाते आणि भूल, आयसीयू, कॅथ लॅब वेगळं. अंदाजपत्रकात जाळी एक धरली आहे की दोन, कॉइल लागल्या तर काय, हे लेखी घ्या. विमा किंवा सरकारी योजना असेल तर उपकरणाला मर्यादा किती आहे हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला किंवा टीपीए (विम्याचे दावे पाहणाऱ्या) डेस्कला आधी विचारा. दुसरं मत घ्यायला जाल तेव्हा रिपोर्टचा कागद पुरत नाही, डीएसएची पूर्ण सीडी न्या. जिथे न्यूरोसर्जन आणि आमच्यासारखे डॉक्टर एकत्र बसून केस पाहतात अशी जागा मिळाली तर उत्तम. सरकारी संस्थांत तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा आणि बंगळुरूचं निम्हान्स इथे हे काम चांगलं चालतं, आणि मुंबई-पुण्यातही अनुभवी टीम आहेत.

तुमची स्वतःची तपासणी करायची का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. एकट्या आईलाच फुगा असेल तर सगळ्या भावंडांचा एमआरआय करायची सहसा गरज नसते. आई-वडील, भावंडं, मुलं यांपैकी दोघांना असेल, किंवा घरात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार (पॉलिसिस्टिक किडनी) असेल, तर करावा.

तारीख मिळेपर्यंत आईचा रक्तदाब सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा आणि तो ताब्यात ठेवा. सिगारेट-विडीने फुगा वाढतो आणि फुटतो हे सिद्ध आहे. मिश्रीबद्दल तितका पुरावा नाही, पण तिच्यातलं निकोटिन रक्तदाब आणि नाडी वाढवतंच, तेव्हा ती असेल तर सोडायला लावा. बद्धकोष्ठता असेल तर औषध घ्या, कुंथणं टाळा. घरातली हलकी कामं, चालणं, जेवण सगळं नेहमीसारखं. डाव्या डोळ्याची नजर अंधुक होऊ लागली, एकाची दोन दिसू लागली किंवा पापणी खाली आली, तर फुगा वाढून नसेवर दाबतो आहे असं समजा आणि ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.